हाडांतलं शिसं: प्रकल्पाच्या नोंदी, नागपूर

१८ नोव्हेंबर २०२४

परवानगीचं पत्र आलं एकदाचं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे मेलेला वन्यप्राणीसुद्धा सरकारची मालमत्ता असतो. रस्त्यावर चिरडलेल्या रानडुकराची एक बरगडी उचलायची तरी कलम १२ खाली संशोधनाची परवानगी लागते. आम्ही कुठलाही प्राणी मारणार नाही, पकडणार नाही. अपघातात, विहिरीत पडून किंवा आजाराने मेलेल्या प्राण्याचं शवविच्छेदन होईल तेव्हा हजर राहायचं आणि हाडाचे ठरलेले तुकडे घ्यायचे. उरलेल्याचं दहन वनविभाग करणार.

प्रश्न साधा आहे. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं, त्यांची राखेची तळी. रामटेककडे मनसर-कांद्रीच्या मँगनीजच्या खाणी. काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याच्या बागा आणि खतांवर पोसलेली शेतं. या सगळ्याच्या कडेकडेने रानडुक्कर, रोही (नीलगाय), चितळ, कोल्हे राहतात. त्यांच्या अंगात काय काय साठलंय ते बघायचं.

३ डिसेंबर २०२४

सरांनी विचारलं, हाडच का? यकृत, मूत्रपिंड का नको? नीट उत्तर लिहून काढलं, कारण हा प्रश्न पुढेही लोक विचारणार.

हाडाचा खनिज भाग म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बारीक स्फटिक. शरीरात शिरलेल्या शिशाची वागणूक कॅल्शियमसारखी असते, त्यामुळे ते त्याच स्फटिकात कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं. मोठ्या माणसाच्या शरीरातल्या एकूण शिशापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त हाडांत असतं. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं. घट्ट हाडातलं निम्मं व्हायला दशकं लागतात. रानडुकराचं आयुष्य तेवढं नसतंच. म्हणजे एकदा हाडात गेलेलं शिसं बहुतांशी त्याच्या मरणापर्यंत तिथेच.

पण सगळ्या धातूंना हाड चालत नाही. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं. जपानमधल्या जिन्झू नदीकाठच्या लोकांची हाडं मोडत होती. १९६८ मध्ये तिथल्या सरकारने त्या इताई-इताई रोगाचं कारण कॅडमियम असल्याचं मान्य केलं. तरी कॅडमियम मुख्यतः हाडात साठलेलं नव्हतं. त्याने मूत्रपिंड निकामी केलं आणि हाडं त्यापायी ठिसूळ झाली. पाऱ्यासाठी केस बघावे लागतात. म्हणून यादी ठरवली: शिशासाठी हाड, कॅडमियमसाठी मूत्रपिंड, पाऱ्यासाठी पाठीवरचे केस. अहवालाचा मुख्य भाग मात्र शिशाचाच.

९ डिसेंबर २०२४

पहिला नमुना. कळमेश्वरच्या पुढे एका शेतात, कठडा नसलेल्या विहिरीत पडून मेलेली रोही. मादी, पोटात पिल्लू. पंचनामा, मग पशुवैद्यकांनी शवविच्छेदन केलं. पुढच्या पायाचं नळीचं हाड, दोन बरगड्या, खालचा जबडा, मूत्रपिंडाचा तुकडा, केस असं सगळं घेतलं.

गाभण किंवा दूध पाजणारी मादी आपल्या हाडांतून कॅल्शियम काढून पिल्लाला देते आणि त्याच्यासोबत शिसंही सुटतं. आईच्या हाडात वर्षानुवर्षं बसलेलं शिसं नाळेतून पिल्लापर्यंत पोचतं. परवानगीच्या यादीत पोटातल्या पिल्लाचा उल्लेख नव्हता, म्हणून त्याला हात लावला नाही. गाडीत परत येताना कुणी फारसं बोललं नाही.

२२ डिसेंबर २०२४

पहाटे साडेपाचला वनरक्षकांचा फोन. मनसरच्या अलीकडे महामार्ग ४४ वर ट्रकच्या धडकेत रानडुक्कर मेलंय. थंडी कडाक्याची, मामा स्वेटरवर मफलर गुंडाळून गाडीत आधीच बसलेले. मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले सर्वांत जुने सहायक. त्यांना सगळे मामाच म्हणतात.

आधी एक्स-रे काढून घेतला. डुकराच्या अंगात जुनं छर्र्याचं शिसं राहिलं असेल तर त्या एका कणाने सगळं गणित बिघडतं. छर्रा नव्हता. जबडा उघडून दात बघितले. खालची तिसरी मोठी दाढ पूर्ण वर आलेली आणि बऱ्यापैकी झिजलेली, म्हणजे दोन वर्षांच्या बराच पुढचा नर. ही दाढ दुसरं वर्ष संपता संपता येते, त्यामुळे वय ठरवायला ती सर्वांत उपयोगी.

या प्रकल्पात रानडुकरावर माझी सगळ्यात जास्त भिस्त आहे. तो माती उकरून खातो. कंद, गांडुळं आणि त्यांच्यासोबत मातीही पोटात जाते. जमिनीवर जे पडलंय ते त्याच्या हाडात सगळ्यात आधी दिसायला हवं.

६ जानेवारी २०२५

एकूण नमुने: रानडुक्कर चार (एक पिल्लू धरून), रोही तीन, चितळ दोन, कोल्हा एक. एका चितळ नराच्या शिंगाचा तुकडाही मिळाला. सगळं उणे वीस अंशांच्या फ्रीजरमध्ये.

शिंगाबद्दल मी फार खूश आहे. चितळाचं शिंग खरं हाडच असतं, पण दरवर्षी गळून पडतं आणि काही महिन्यांत नव्याने वाढतं. म्हणजे त्या तेवढ्या महिन्यांची वेगळी नोंद. इतकं हाड इतक्या लवकर उभं करायला नुसतं खाणं पुरत नाही, नर स्वतःच्या बरगड्यांमधून कॅल्शियम काढतो. युरोपात रो हरणांच्या शिंगांवर असंच काम झालंय.

१८ जानेवारी २०२५

मी चार दिवस चंद्रपूरला होते. तेवढ्यात मामांनी हाडं साफ करून ठेवली. मांस, चरबी, कूर्चा सगळं गेलेलं, हाडं पांढरी स्वच्छ. जबडे मात्र दात मोजायचे म्हणून मी पिशवीत वेगळे ठेवले होते, ते तसेच फ्रीजरमध्ये आहेत. शिंगाला मांस नसतंच, त्यामुळे तेही बाजूला. मनापासून हायसं वाटलं. या कामाला मला आठवडा लागला असता.

५ फेब्रुवारी २०२५

हाडाचा तुकडा हिरकणीच्या चकतीने मंद वेगात कापला, कारण स्टीलच्या करवतीने क्रोमियम आणि निकेलचे कण लागतात. मोजे पावडर नसलेले, कारण पावडरच्या मोज्यांनी जस्त येतं. टेफ्लॉनची भांडी रात्रभर दहा टक्के नायट्रिक आम्लात. अर्धा ग्रॅम हाडाची भुकटी, आम्ल, थोडं हायड्रोजन पेरॉक्साईड, मग मायक्रोवेव्ह पचन, म्हणजे तापवून आम्लात विरघळवणं. झाकण उघडल्यावर तपकिरी धूर निघाला आणि खाली पाण्यासारखा स्वच्छ द्राव राहिला.

प्रत्येक खेपेला दोन कोरे नमुने (हाड न घालता केलेले) आणि दोन प्रमाण नमुने. प्रमाण नमुना म्हणजे अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं हाडाचं पीठ, क्रमांक १४८६. त्यात शिसं ग्रॅममागे १.३३५ मायक्रोग्रॅम असल्याचं प्रमाणपत्र आहे. आपलं यंत्र त्या आकड्याच्या जवळ येत नसेल तर बाकी आकड्यांना काही अर्थ नाही.

१३ फेब्रुवारी २०२५

आकडे आले. कोरे नमुने स्वच्छ, प्रमाण नमुना बरोबर. आणि प्राण्यांच्या हाडांत शिसं खूप.

इथे खरं ते लिहून ठेवते. पहिल्या तासात माझ्या डोक्यात राखेवर एक आख्खा परिच्छेद तयार झाला होता. आपल्याकडच्या दगडी कोळशात राख तीस ते पंचेचाळीस टक्के, तिच्यात शिसं, आर्सेनिक, क्रोमियम. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून पाणी शेतांत आणि नाल्यांत गेलेलं सगळ्यांना आठवतंय. सरांना फोन करून "सापडलं" असंही म्हणाले.

रात्री वयाच्या क्रमाने तक्ता लावला आणि झोप उडाली. दाढसुद्धा न आलेल्या पिल्लाचा आकडा आणि म्हाताऱ्या नराचा आकडा जवळजवळ सारखे. कळमेश्वरची रोही, कोराडीकडचं डुक्कर, मनसरचं डुक्कर, सगळे एका रांगेत. शिसं वयाबरोबर साठत जातं. सहा महिन्यांच्या जिवात आणि सहा वर्षांच्या जिवात ते सारखं कसं असेल? एकटं चितळाचं शिंग खाली, अगदी खाली.

१४ फेब्रुवारी २०२५

शिंगात आणि बाकीच्यांत फरक काय? प्राणी वेगळा नाही, त्याच चितळाची बरगडीही वर आहे. आम्ल, भांडी, यंत्र, चकती सगळं तेच. मी सकाळपासून वहीत प्रत्येक टप्पा मागे मागे तपासत गेले आणि साफसफाईपाशी थांबले. शिंग साफ करावं लागलं नव्हतं.

"मामा, हाडं कशात उकळली होती?"

"गंजात. प्लॅस्टिकच्या टबात चार दिवसांत काही होत नव्हतं ना ताई. घरून गंज आणला, सोडा टाकला, दिवसभर मंद आचेवर ठेवली. चकाचक झाली ना एकदम."

गंज, म्हणजे स्वयंपाकाचं पातेलं, मागच्या शेडमध्ये पालथा होता. पितळी, मोठा, दहा-बारा लिटरचा, आतून कल्हई, म्हणजे कथलाचा थर. पोळ्याच्या आधी मारून आणलेली, अजून चमकत होती. तळाशी सोड्याने आणि घासणीने जागोजागी पिवळं पितळ दिसायला लागलेलं. मी पांढऱ्या कागदाची घडी करून आतल्या बाजूवर जोरात घासली. कागदावर करडी, पेन्सिलीसारखी रेघ उमटली. शुद्ध कथील अशी रेघ देत नाही, शिसं देतं.

मामा बघत होते. त्यांना काही विचारावंसं वाटलं नाही आणि मला काही सांगवेना. चूक माझी आहे. हाड कशात ठेवायचं नाही याची यादी मी लिहून भिंतीवर लावायला हवी होती. ती माझ्या डोक्यात होती, आणि डोकं चंद्रपूरला.

१५ फेब्रुवारी २०२५

सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. "शिंग मोजायचं कुणी सुचवलं होतं?" एवढंच विचारलं. मीच सुचवलं होतं.

संध्याकाळी अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसनबद्दल पुन्हा वाचलं. उल्केतल्या शिशावरून त्याने १९५६ मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं ठरवलं. पण त्याआधीची वर्षं त्याची प्रयोगशाळेतल्या शिशाशी झटण्यात गेली. हवेत, धुळीत, भांड्यांत, आम्लात सगळीकडे शिसं होतं. त्याने पुढे पेरूमधल्या प्राचीन माणसांच्या हाडांतलं शिसंही मोजलं, आणि तिथेही मातीतून नंतर आलेलं शिसं कसं वेगळं काढायचं याच्याशीच झगडावं लागलं. मनाला जरा उभारी आली.

१९ फेब्रुवारी २०२५

पुरावा हवा. मटणाच्या दुकानातून बोकडाच्या दोन नळ्या आणल्या, एकाच बोकडाच्या. दुकानदाराने रश्शासाठी तोडायला सुरा उचलला, त्याला थांबवलं. प्रत्येक नळी मधोमध चकतीने कापली. एक-एक अर्धी प्लॅस्टिकच्या डब्यात शुद्ध पाण्यात, एक-एक अर्धी गंजात, सोडा घालून, आठ तास. जानेवारीत झालं होतं अगदी तसं.

२६ फेब्रुवारी २०२५

गंजातल्या अर्ध्या नळ्यांत शिसं कितीतरी पट. डब्यातल्या अर्ध्यांचे आकडे अगदी खाली. शंका उरली नाही.

का होतं तेही आता पक्कं कळलं. हाडाचं खनिज पाण्यातलं शिसं ओढून घेतं, फॉस्फेटशी त्याचं घट्ट संयुग होतं. दूषित पाण्यातलं शिसं काढायला हाच गुण वापरतात. म्हणजे जिवंतपणी रक्तातून जे होतं, मेल्यावर गंजातल्या पाण्यातून तेच झालं.

मातीत वर्षभर पडून राहिलेल्या हाडालाही हेच लागू. जंगलात सापडलेली जुनी हाडं वापरायची का, असं एका वनपालांनी विचारलं होतं. आता उत्तर देता येतं: नाही. काळ्या मातीतलं मँगनीज आणि लोह त्यात मुरतं, मग प्राण्याचं काय आणि मातीचं काय ते वेगळं निघत नाही.

१ मार्च २०२५

इतवारीत भांड्यांच्या दुकानांजवळ एक कल्हईवाले बसतात, त्यांच्याकडे गेले. भाता, निखारे, नवसागर, कापसाचा बोळा. तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उसळतो, कथलाची कांडी टेकवली की ती लोण्यासारखी फिरते, आणि कापूस फिरवला की काळं पातेलं बघता बघता चांदीसारखं होतं. बघत राहावं असं काम.

कथलाबद्दल विचारलं. ते मोकळेपणाने बोलले. शुद्ध कांडी वाकवली की कुरकुरते, कानाला लावून ऐकवली त्यांनी मला. दुसरी कांडी मुकी वाकली. "ही मिक्स. बाजारात हीच जास्त येते. शुद्ध मागितली तर गिऱ्हाईक भाव ऐकूनच परत जातं." शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला, पण दोन्ही मिसळली तर त्याहून कमीतच पाघळतात, झाळकामाचा मिश्रधातू १८३ अंशांना. शिसं कथलापेक्षा कितीतरी स्वस्त. त्यामुळे मिसळलेली कांडी स्वस्तही पडते आणि कामही लवकर होतं. त्यांच्या हाताला रोज तेच लागतं, श्वासात तोच धूर जातो. त्यांना मी हे सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचं पातेलं घेतलं.

७ मार्च २०२५

काय वाचलं, काय गेलं. बरगड्या गेल्या, जाळीदार हाड आहे, पाणी आरपार मुरलेलं. नळीच्या हाडांत बाहेरचा थर खरवडून आतलं घट्ट हाड मोजून बघितलं, आकडे घसरतात, पण खात्री देता येत नाही. तेही रद्द.

जबडे वाचले. दहाच्या दहा. पिशवीत, फ्रीजरमध्ये, गंजाचं तोंडही न बघितलेले.

२० मार्च २०२५

जबडे आता पाण्यात, प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यांत, शुद्ध पाणी, दर दोन दिवसांनी बदलायचं. नागपूरचं ऊन पहिल्यांदा कामाला आलं: मार्चमध्येच मांस आपोआप सुटतंय. वास मात्र असा की शेजारच्या विभागाने तक्रार केली. डबे गच्चीवर हलवले. पाणी बदलायला मामाच जातात, मला वर चढू देत नाहीत.

भिंतीवर यादी लावली: पितळ नाही, कल्हई नाही, रंगवलेली भांडी नाहीत, स्टीलची करवत नाही, नळाचं पाणी नाही. मामांनी खाली पेनने लिहिलं, "विचारल्याशिवाय काही नाही."

२८ मार्च २०२५

आठ दिवस एक गोष्ट डोक्यात घोळत होती, आज मामांशी बोलले. त्या गंजाचा जोड घरी आहे. त्यात काय करता?

कढी. चिंचेचं सार. उन्हाळ्यात आंबील.

आंबटात कल्हईतलं शिसं सगळ्यात सहज उतरतं. घरात चार वर्षांची नात. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठा माणूस साधारण दहावा भाग शोषतो, लहान मूल निम्म्यापर्यंत. शरीरात कॅल्शियम, लोह कमी असेल तर आणखी जास्त. आणि तिचंही हाड आत्ता वाढतंय. मी हे सगळं शक्य तितकं हळू सांगितलं. मामांनी लगेच घरी फोन लावला. "गंज चुलीवरून उतरव. हौ, आत्ताच. कढी फेकून दे."

दुसरा गंज त्यांनी दुपारीच आणला. खरवडून, आम्लात विरघळवून बघितलं. शिसं त्यातही आहे.

९ एप्रिल २०२५

नातीच्या रक्ताची तपासणी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनेप्रमाणे डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायला हवं. तिचा आकडा पाचाच्या खाली आहे, पण शून्य नाही. बालरोगतज्ज्ञांनी दूध, नाचणी, हिरव्या भाज्या आणि लोहाचं औषध सांगितलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. रक्तातलं उतरेल. हाडात जे गेलं असेल ते रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, हे मामांना सांगितलं. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं.

२४ एप्रिल २०२५

जबड्यांचे आकडे आले. कोरे नमुने स्वच्छ, प्रमाण नमुना बरोबर. डुकरांमध्ये पिल्लाचा आकडा सगळ्यात खाली आणि म्हाताऱ्या नराचा सगळ्यात वर, मधले दोघे मध्ये. असंच असायला हवं होतं.

राखेबद्दल यावरून काहीही म्हणता येत नाही. चार डुकरांतून कोराडी आणि मनसर यांची तुलना होत नाही. त्यासाठी एकाच वयाचे निदान पंधरा-वीस जबडे हवेत, दोन्हीकडचे, आणि शक्य झालं तर शिशाचे समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, मोजायला हवेत. कोळशातलं शिसं, रंगातलं शिसं, पेट्रोलमधून २००० सालापर्यंत मातीत पडत राहिलेलं शिसं, यांत शिसं-२०६ आणि शिसं-२०७ या समस्थानिकांचं प्रमाण वेगवेगळं निघू शकतं. सरांनी पुढच्या वर्षासाठी प्रस्ताव लिहायला सांगितलंय. जबडाच मुख्य नमुना धरायचा, बरगडी नाही.

२७ एप्रिल २०२५

खापरखेड्याकडून फोन. शेताच्या कुंपणाला सोडलेल्या विजेने रानडुक्कर मेलंय, मादी. पंचनामा सुरू आहे. मामा प्लॅस्टिकचे डबे गाडीत ठेवून बसलेत. निघतो.